कोण बोलतो, कोण ऐकतो

समाजकार्याच्या कोर्सला जाणाऱ्या आपल्या पोरांच्या वहीत एक धडा असतो. संवाद कौशल्ये. समोरच्याच्या डोळ्यांत पाहा. मान हलवा. हो-नाहीत उत्तर संपेल असे प्रश्न विचारू नका. तो काय म्हणाला ते आपल्या शब्दांत त्यालाच परत सांगा. मध्येच तोडू नका. हा धडा मी वरोऱ्याला एका शिबिरात वाचून दाखवला, तर मागून एक पोरगा म्हणाला, ‘‘भाऊ, हे तं आमाले कर्जवाल्या कंपनीनंही शिकवलं होतं. मी तिथं वसुलीले होतो ना जी.’’

सगळे हसले. मला मात्र त्या वाक्यानं धरून ठेवलं. वसुलीवालाही वस्तीत येऊन ‘मावशी, गुडघा कसा हाये?’ असं विचारतो. मावशीचं उत्तर पुरतं ऐकून घेतो. डोळ्यांत पाहतो. मान हलवतो. आणि मग हप्त्याचं कार्ड पुढं करतो. कौशल्य तेच, धडा तोच. मग कार्यकर्ता आणि वसुलीवाला यांच्यात फरक कुठं आहे? तू म्हणशील, हेतूत. हेतू काय, प्रत्येकाला आपला चांगलाच वाटतो. जमीनदारालाही वाटायचा. हेतूवर भागत नाही, दोस्ता. बोलण्याच्या आतच कुठंतरी तो फरक सापडला पाहिजे. नाही सापडला तर हा धडा फाडून चुलीत घातलेला बरा.

आधी एक गोष्ट पक्की करू. बोलणं-ऐकणं हा आपल्या चळवळीला मागाहून चिकटवलेला विषय नाही. जात म्हणजे काय? कोणी कोणाशी किती अंतरावरून, कोणत्या आवाजात, कोणत्या क्रियापदानं बोलायचं याचा कायदा. ‘अरे-तुरे’ कोणाला आणि ‘अहो-जाहो’ कोणाला हे पोराला बोलायला लागतानाच शिकवलं जातं. साठ वर्षांच्या म्हाताऱ्याला पाटलाचं शेंबडं पोरगं नुसत्या नावानं हाक मारायचं, आणि म्हाताऱ्यानं लांबून, खाली मान घालून उत्तर द्यायचं. हीसुद्धा संवाद कौशल्येच होती, अडीच हजार वर्षं घोटून घेतलेली. म्हणूनच बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० ला पाक्षिक काढलं तेव्हा त्याचं नाव ‘मूकनायक’ ठेवलं. नावातच दुखणं सांगितलं. मुकेपण.

१९३६ चं ‘जातिभेद निर्मूलन’ पुन्हा एकदा काढून वाच. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं अध्यक्ष म्हणून बोलावलं, भाषण आधी पाहायला मागितलं, आणि त्यातली काही कलमं गाळा म्हणून सांगितलं. बाबासाहेबांनी नकार दिला. परिषद झालीच नाही. भाषण त्यांनी स्वतः छापून काढलं. ऐकणाऱ्यांनी ऐकण्याआधीच कान बंद केले, असं हे भाषण. त्यात बंधुतेची व्याख्या करताना बाबासाहेब काय सांगतात? आदर्श समाजात माणसामाणसांचे संबंध नाना ठिकाणी, मोकळेपणानं जुळले पाहिजेत. एका थरात झालेला बदल पाझरत दुसऱ्या थरापर्यंत गेला पाहिजे. हितसंबंध जाणीवपूर्वक एकमेकांना सांगितले आणि वाटून घेतले गेले पाहिजेत. कोलंबियात शिकताना जॉन ड्यूई त्यांचे गुरू होते, त्यांच्या विचाराची ही खूण आहे. पण ड्यूईसमोर जात नव्हती. बाबासाहेबांनी तो विचार उचलला आणि जातीच्या छाताडावर ठेवला. म्हणजे बंधुता ही नुसती भावना नव्हे. ती सांगण्या-ऐकण्याची व्यवस्था आहे. पाझर दोन्हीकडून असला तर बंधुता. एकाच बाजूनं असला तर उपदेश, नाहीतर हुकूम.

इथं आपल्यालाच टोचणारा प्रश्न येतो. आपल्या साहित्यात सहानुभूती की स्वानुभूती हा वाद किती गाजला. ज्यानं भोगलं त्यानंच लिहावं, बाकीच्यांनी कळवळा आवरावा, असं आपण ठणकावून सांगितलं. बरोबरच सांगितलं. पण आज वरोऱ्याचा बौद्ध पोरगा एम.एस.डब्ल्यू. होऊन भामरागडला नोकरीला जातो, मांग वस्तीत सर्व्हे करतो, बाळंतिणीची यादी करतो. तिथं तो कोण? तिथं भोगणारी ती आहे आणि कळवळ्यानं आलेला पाहुणा हा आहे. आपण सवर्ण समाजसेवकाला जे जे सुनावलं ते सगळं आता आपल्याला लागू. ते पचवायची तयारी आहे का?

एक साधा शब्द घे. जोहार. आपल्या आज्या-पणज्यांनी ‘जोहार मायबाप’ म्हणत जन्म काढला. संतांच्या जोहाराच्या रचना आहेत, चोखोबांच्या आहेत, एकनाथांनीही महाराच्या तोंडून लिहिल्या. आपल्या कानाला तो शब्द म्हणजे वाकलेली पाठ. तो टाकून आपण ‘जयभीम’ घेतला. तो रूढ करण्याचं श्रेय कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांना दिलं जातं, म्हणजे आपल्या विदर्भाचीच ही देन. आता तोच पोरगा गडचिरोलीच्या गोंड गावात जातो आणि समोरचा म्हातारा ताठ मानेनं म्हणतो, ‘‘सेवा जोहार.’’ पोराच्या अंगावर काटा येतो. त्याला वाटतं, हा अजून गुलामीतच आहे, याला जागा केला पाहिजे. पण त्या म्हाताऱ्याच्या तोंडी तो शब्द वाकलेला नाही. त्याच्यासाठी ती त्याच्या समाजाची, त्याच्या अस्मितेची खूण आहे. शब्द एक, इतिहास दोन. इथं ‘जोहार म्हणू नका’ असं भाषण ठोकणारा क्रांतिकारक नसतो. त्यानं दुसऱ्याच्या तोंडात आपला इतिहास कोंबलेला असतो. उत्तरात पोरानं काय म्हणावं? माझं मत विचारशील तर त्यानं ‘जयभीम’ म्हणावं, म्हाताऱ्यानं ‘जोहार’ म्हणावं, आणि दोघांनी खाली बसून एकमेकांना त्या शब्दांची गोष्ट सांगावी. वेळ लागतो. लागू दे.

वरोऱ्यात राहून आनंदवनाबद्दल न बोलणं जमणार नाही. आपल्यातले काही जण ते नाव निघालं की तोंड फिरवतात: ब्राह्मण घरचा जमीनदाराचा मुलगा, त्याचं काय सांगता! सांगतो. मुरलीधर देवीदास आमटे वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते, सफाई कामगारांच्या संघटनेत होते, आणि त्यांनी काही महिने स्वतः डोक्यावरून मैला वाहिला. भाषणानं भागलं नसतं असं तिथं काहीतरी त्यांना कळलं असावं. पुढं गटारात पडलेला एक कुष्ठरोगी पाहून ते घाबरून पळाले. हे त्यांनी स्वतःच सांगितलं आहे, आणि आनंदवनाची सुरुवात ते त्या भीतीपासूनच धरत. १९४९ मध्ये महारोगी सेवा समिती उभी राहिली. भीक नको, काम द्या, ही तिथली धारणा. कुष्ठरोग्याच्या हातात त्यांनी कुदळ दिली आणि त्याच्याशी बरोबरीच्या कामकऱ्याशी बोलावं तसं बोलले. हे मोठंच. तरी माझं एक गाऱ्हाणं आहे. आनंदवनावर मी जेवढं वाचलं, त्यात बाबा बोलतात, पाहुणे बोलतात. ज्यांची बोटं झडली ते फार थोडं बोलतात. विहीर त्यांनी खणली, गोष्ट दुसऱ्यानं सांगितली. याला दोष म्हणायचा की त्या काळाची मर्यादा, मला ठरवता येत नाही. कायदा तरी त्यांना कुठं ऐकत होता? १८९८ चा कुष्ठरोग्यांना डांबणारा इंग्रजी कायदा २०१६ मध्ये रद्द झाला, आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून निघायला २०१९ उजाडलं. औषधानं बरा होणारा रोग, आणि कायद्याला ते कळायला इतकी वर्षं!

कुष्ठरोग्याशी बोलण्याची याहून जुनी गोष्ट आपल्याच घरात आहे. पाली उदानात ती येते आणि बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’मध्ये ती घेतली. राजगृहाचा सुप्पबुद्ध. कुष्ठरोगी, कंगाल. लांबून गर्दी दिसते. त्याला वाटतं अन्न वाटताहेत, म्हणून येतो. जवळ आल्यावर कळतं, अन्न नाही, गोतम बोलताहेत. हा कडेला बसतो. बुद्ध सभेवर नजर फिरवतात: यातल्या कोणाला हे समजेल? नजर सुप्पबुद्धावर थांबते. मग ते त्याला धरून बोलायला लागतात, सोप्यापासून, दान आणि शील यांपासून, आणि त्याची तयारी होईल तसं पुढं, थेट दुःख आणि दुःखनिरोधापर्यंत. (मूळ कथेला शेवटी मागच्या जन्माचं शेपूट आहे. ते आपल्याला नको.)

मला यात बुद्धांच्या करुणेपेक्षा त्यांचा अंदाज मोठा वाटतो. इतक्या धडधाकट माणसांत, समजू शकेल असा माणूस म्हणून त्यांनी अन्नासाठी आलेल्या कुष्ठरोग्याला निवडलं. याला समजणार नाही, याला फक्त भाकर द्या, असं त्यांच्या मनात आलं नाही. आपण वस्तीत शिरतो तेव्हा आपला अंदाज काय असतो? आपली ‘अडाणी जनता’, तिचं ‘प्रबोधन’ करायचं. प्रबोधन म्हणजे दुसरा झोपलेला आहे हे आधीच ठरवलेलं. आणि बोलायचं कशात? ब्राह्मण कुळातल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छांदस भाषेत घालू का म्हणून विचारलं, तेव्हा बुद्धांनी त्यांना झापलं आणि लोकांना आपापल्या बोलीत शिकू द्या म्हणून सांगितलं. आपण मात्र ‘मले’, ‘तुले’ बोलणाऱ्या आईच्या पुढ्यात ‘प्रस्थापित व्यवस्थेचं परिवर्तन’ घेऊन बसतो. ती मान हलवते. तिलाही संवाद कौशल्य येतं.

न विचारल्यानं काय दडून राहतं याचा आपल्या भागातला दाखला फार बोलका आहे. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. शंभरातल्या ९२ बायकांना अंगावरचं, पोटातलं, पाळीचं काही ना काही दुखणं निघालं. आणि त्यासाठी आधी कधी तपासणी झालेल्या बायका शंभरात ८. जगाच्या आरोग्यशास्त्राला बाईचं दुखणं म्हणजे बाळंतपण एवढंच माहीत होतं. बायका मुक्या होत्या का? नव्हत्या. नदीवर, मोहफुलं वेचताना त्या आपसात हेच बोलत असणार. ऐकू येईल एवढ्या जवळ शिकलेलं कोणी बसलं नव्हतं. हेमलकशाला १९७३ पासून प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांना आधी माडिया बोली शिकावी लागली. डॉक्टरकी मागून. डॉक्टर असून विद्यार्थी व्हायचं, यात काहीतरी हातचं सोडावं लागतं.

वसुलीवाल्याचा फरक मला इथं सापडतो. मावशीनं काहीही सांगितलं तरी त्याचा हप्ता बदलत नाही. तो ऐकतो ते फक्त तिला मऊ करायला. ज्याच्या ऐकण्यानं त्याचा स्वतःचा बेत बदलू शकतो, तोच ऐकतो. मेंढा-लेखात गावानं सर्वांच्या संमतीनं निर्णय घ्यायची रीत घातली, अभ्यास गटात बाहेरच्या जाणत्यांना बसवलं, पण निर्णय ग्रामसभेकडेच ठेवला. जाणता बोलेल, ठरवणार नाही. आपल्या किती बैठकांत असं चालतं? आपल्याकडे बैठकीचा ठराव बहुतेक वेळा आदल्या रात्रीच लिहून ठेवलेला असतो.

आणि असं ऐकायचं म्हटलं की कोडं सुटत नाही, वाढतं. मागं एका वस्तीत आपला एक पोरगा संजय गांधी निराधार योजनेचे फॉर्म भरत होता. मी बाजूला बसलो होतो. चांगला पोरगा, धडा तोंडपाठ. समोर पन्नाशीची बाई, भोवती पंधरा-वीस लोक. त्यानं विचारलं, ‘‘मावशी, नवरा कधी वारला?’’ ती गप्प. त्यानं मान हलवली, थांबला, डोळ्यांत पाहिलं, पुन्हा विचारलं. ती म्हणाली, ‘‘लय वर्सं झाली बापू.’’ दाखला मागितला. दाखला नव्हता.

लोक पांगले, तेव्हा ती हळूच म्हणाली, ‘‘मेला नाई तो. बल्लारशाले दुसरी घेऊन ऱ्हायते. पन इथं आली तवापासून मी कुकू नाई लावलं. सोडलेली म्हनवून घेण्यापरीस रांडमुंड बरी, म्हनून.’’

आता फॉर्मवर काय लिहायचं? विधवा लिहावं तर मृत्यूचा दाखला नाही, आणि ते खोटं. परित्यक्ता लिहावं तर खरं, पैसेही मिळतील, पण चौकशी होणार, वस्तीला कळणार, आणि वीस वर्षं जपलेली अब्रू एका रकान्यात जाणार. पोरगा माझ्याकडे पाहायला लागला. चळवळीचं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं: टाकून दिलेल्या बाईनं कशाची लाज धरायची, लाज त्या हलकटानं धरावी. उत्तर खरंच आहे. पण ते माझं होतं. उद्या सकाळी नळावर त्या पंधरा-वीस जणांसमोर उभं राहायचं होतं ते तिला.

पोरानं पेन बंद केलं. दोन्ही रकान्यांचा अर्थ, कोणत्याला कोणते कागद, चौकशीला कोण येईल, काय विचारेल, हे सगळं तिला तिच्या बोलीत सांगितलं. ‘‘तूच सांग मावशी, का लिहू ते.’’ तिनं फॉर्म हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला. म्हणाली, ‘‘उद्या सांगतो. पोरीले इचारून येतो.’’

तहसीलची कमिटी शुक्रवारी बसणार होती. तो दिवस बुधवार होता.