अस्वादव्रत आणि सोळा वर्षांचं पिंप

१९३० साली गांधीजी येरवड्याच्या तुरुंगातून दर मंगळवारी आश्रमाला एकेका व्रतावर पत्र पाठवीत. त्यातलं एक अस्वादव्रतावर आहे. अन्न औषधासारखं घ्यावं, शरीराला लागेल तेवढं, चवीसाठी नव्हे, असं ते सांगतात. आमच्या उमरीच्या घरात हे व्रत कुणी न सांगता चालू होतं. वडील माळकरी. भाजीत मीठ कमी पडलं की जास्त, हे त्यांनी आईला कधी बोलून दाखवलं नाही. गावात त्याचं कौतुक होई. मला मात्र वाटायचं, चुलीपुढं बसून तिनं केलेलं वरण आज छान झालंय, हे या घरात कुणीतरी तिला सांगायला हवं. चव घेणं म्हणजे चवीत अडकणंच का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्याबरोबर आहे.

पुढं आयुष्यभर कॉलेजात संस्कृत शिकवलं, त्यामुळं प्रश्नाला ग्रंथ मिळाले. पण तो नव्यानं उभा राहिला तो माळकऱ्याच्या घरात न शोभणाऱ्या वस्तूमुळं. ग्लासगोला नोकरी करणारा माझा पुतण्या दिवाळीला येताना लागाव्हुलिनची बाटली आणतो. सोळा वर्षं मुरलेली सिंगल माल्ट व्हिस्की. आपल्या राज्यात दारू प्यायला परवाना लागतो, तो मी काढून घेतला. जे चोरून करायचं त्याचा उघड विचार करता येत नाही.

ती बनते ते आयला नावाचं बेट स्कॉटलंडच्या पश्चिमेला आहे. तिथं मोड आणलेला सातू पीटच्या धुरावर वाळवतात. पीट म्हणजे दलदलीत पुरता न कुजलेल्या शेवाळाचा आणि गवताचा थर. तो वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे हातभर खालचा थर चार-साडेचार शतकांपूर्वीचा, पैठणला एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली त्या सुमाराचा. त्याचा धूर दाण्यात उतरतो, दाण्यातून तांब्याच्या भट्टीत आणि तिथून ओकच्या पिंपात. स्कॉच म्हणवून घ्यायला पिंपात किमान तीन वर्षं राहावं लागतं. बाटलीवरचा आकडा आतल्या सगळ्यांत कोवळ्या दारूचं वय सांगतो. काचेत आल्यावर वय वाढत नाही.

पिंपाचं लाकूड पाझरत नाही, पण त्यातून वाफ जाते. स्कॉटलंडमध्ये वर्षाला साधारण दोन टक्के माल असा उडून जातो. तिथले लोक त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात. सोळा वर्षांत पाव भागाहून जास्त गेलेला असतो. बंगळुरूच्या अमृत कंपनीनं आपली पहिली सिंगल माल्ट २००४ साली बाजारात आणली ती ग्लासगोतच. त्यांच्याकडं हाच वाटा वर्षाला दहा टक्क्यांच्या पुढं जातो. त्या हिशेबानं सोळा वर्षांनी पिंपात पाचवा हिस्साही उरायचा नाही. आमच्या वैशाखाचं तर नावच नको. मुरणं म्हणजे किती वर्षं झाली एवढंच नसतं, कोणत्या उन्हात झाली हेही असतं. माणसांबद्दलही मी हेच मानतो.

या पेयाची स्कॉटलंडच्या राजदरबारी हिशेबातली सर्वांत जुनी नोंद १४९४ ची आहे, आणि ती एका मठवासी साधूच्या नावानं आहे. राजाच्या हुकमावरून जॉन कॉर नावाच्या ब्रदरला जीवनजल गाळण्यासाठी ‘बोल’ या मापानं आठ मापं माल्ट दिला, अशी. धर्म आणि दारू यांची ओळख जुनी आहे. आपल्याकडं कौल संप्रदायात मद्य पूजेचाच भाग होतं.

“काका, घाई नको,” पुतण्या म्हणाला होता. तळाशी फुगीर, वर निमुळता ग्लास, त्यात बोटभर. नाक काठाशी, ओठ किंचित उघडे. आधी धूर येतो, हुरड्याच्या आगटीत गोवऱ्या विझत आल्या की येतो तसा. त्यामागून टिंक्चर आयोडीन, ओला दोर, समुद्र. मग चमचाभर पाणी. २०१७ मध्ये स्वीडनच्या दोन संशोधकांनी संगणकावर रेणूंची मांडणी करून दाखवलं की पाणी घातल्यावर धुराच्या वासाचा ग्वायकॉल हा रेणू पृष्ठभागाकडं येतो. नाकाला ते लगेच कळतं. पाण्यानंतर मनुका येते, जुन्या कपाटाचं लाकूड येतं. घोट जिभेवर धरला की आधी गोड, मग मिठासारखं काही, आणि गिळल्यावर कितीतरी वेळ राख.

या सगळ्या वेळात मी माझा नसतो. पेन्शनचा अडकलेला फरक आठवत नाही, गुडघा आठवत नाही. रसाच्या वाटेत येणारी विघ्नं नाट्यशास्त्राचा भाष्यकार अभिनवगुप्त यानं मोजून ठेवली आहेत. त्यातलं एक म्हणजे स्वतःच्या सुखदुःखात गुरफटून जाणं. काव्य-नाट्यातला रस अलौकिक, जिभेचा लौकिक, हा भेद तो सोडत नाही, आणि मीही तो पुसणार नाही. पण भरतमुनींनी रस समजावून देताना उदाहरण घेतलं ते जेवणाचंच: नाना व्यंजनांनी सिद्ध केलेलं अन्न प्रसन्न मनानं खाणारा माणूस. रसाचा विचार करणाऱ्या आपल्या पहिल्या शास्त्रानं जिभेला दारातून हाकललेलं नाही.

ज्ञानेश्वर मात्र इतके सहज सोडत नाहीत. विषय टाकले तरी त्यांची गोडी मागं राहते, असं गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला एक श्लोक सांगतो. त्यावर माउली म्हणतात की बाकीची इंद्रियं आवरून जिभेला मोकळं सोडणं म्हणजे वरवर पालवी खुडायची आणि मुळाला पाणी घालत राहायचं. हे वाचलं की माझा ग्लास जड होतो. मी फार विचार केला आहे, आणि मला असं दिसतं की मुळाला पाणी घालते ती ‘आणखी’ ही मागणी. आस्वादाला आणखी नको असतं, समोर आहे ते पुरतं हवं असतं. ईशावास्याचा पहिला मंत्र त्यागून भोगायला सांगतो. पाव पिंप हवेला देऊन मगच बाटली भरणारे लोक तो न वाचता पाळतात असं मला वाटतं.

तरी सगळ्यांत पटतं ते बुद्धाचं. पाचवं शील मद्य नाकारतं आणि कारण सांगतं प्रमादाचं, म्हणजे अवधान सुटण्याचं. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्येही मद्य न पिण्याची प्रतिज्ञा आहे, आणि ती घेऊन घरं सावरलेली माणसं मी उमरीत पाहिली आहेत. पहिल्या घोटाला माझं अवधान वाढतं हे खरं. पण तिसऱ्या घोटाला धूर आणि मनुका वेगळे ओळखू येत नाहीत. ही वस्तू चाखणाऱ्यालाच खाते. वरणाचं तसं नाही, आंब्याचं नाही, मारवा रागाचं तर नाहीच. म्हणून बोटभरावर थांबायचं, आणि तेही आधी धर्म सांगतो म्हणून नव्हे. पुढं चवच उरत नाही म्हणून.

हे लिहिताना खिडकीबाहेरचं गाव मला दिसतं. ओढ्याकाठी शिंदीची झाडं आहेत. पहाटे उतरवलेला रस सकाळी गोड असतो, दुपारपर्यंत आंबतो, संध्याकाळी आंबट ढाण. त्या पेयाचं सगळं आयुष्य एका दिवसाचं, आणि जाणणारे म्हातारे कोणत्या झाडाची कोणत्या वेळची शिंदी हे घोटावरून सांगत. आस्वाद फक्त महागड्या बाटलीत असतो असं कुणी समजू नये. पण देशीच्या दुकानापुढं दिवसभर पोती वाहून आलेला माणूस चव घ्यायला उभा नसतो. त्याला दिवस विसरायचा असतो, आणि घरी त्याची बायको ते विसरणं भोगते. रसाची चर्चा मला परवडते, कारण मला पेन्शन आहे आणि माझ्या पाठीवर पोतं नाही. महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दुकान बंद होतं, असा आपल्याकडं नियम आहे. असं मतदान आमच्याकडं लागलं तर मी आडव्या बाटलीसाठी दारोदार फिरेन. माझी बाटलीही त्यात गेली तर जाऊ दे.

वडिलांचे एक सोबती, माळकरी, नव्वदीला टेकलेले, यांना मी हे सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, “सर, एवढंच अवधान पाहिजे तर तुळशीचं पान चावा की.” पान मी चावून पाहिलं. तिखट, मग लवंगेसारखं, मग थंड. त्यांचं म्हणणं खरं आहे, अवधान बाटलीच्या मालकीचं नाही. पण गोडी उरते ती परतत्त्व दिसेपर्यंत, असंही गीता त्याच श्लोकात म्हणते. तोवर उरलेल्या गोडीचं काय करायचं, तिला उपाशी ठेवायचं की शहाणं करायचं, यावर आमचं जमलेलं नाही. ते उपाशी ठेवा म्हणतात. येत्या एकादशीला दुसरा अध्याय पुन्हा काढायचा ठरला आहे.