वलणी उंच कशासाठी?

घरातील वलणी ही वस्तू इतकी साधी आहे की, तिजविषयी विचार करावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. दोन खुंट्यांस बांधलेली सुंभाची दोरी, किंवा आढ्यास टांगलेला एक बांबू. त्यावर धोतरे, लुगडी व मुलांचे कपडे वाळत घालावयाचे, आणि वाळले म्हणजे बहुधा तेथेच राहू द्यावयाचे. ज्या घरी फडताळ नाही त्या घरी वलणी हेच फडताळ. तथापि घरधन्याच्या मनात शुद्ध कशास म्हणतात व लाज कशाची वाटते, हे त्याच्या वलणीवरून पुष्कळसे कळून येते.

आपल्या सिन्नरकडील हवा वस्त्रे वाळविण्यास फार अनुकूल आहे. पावसाळी ढग इगतपुरीच्या घाटमाथ्यावर आपला भार उतरवितात व मग पूर्वेकडे येतात. त्यामुळे ह्या तालुक्यात पाऊस थोडा, आणि ऊन व वारा पुष्कळ. लुगडे पिळून टाकले तर घटकेत वाळते. परंतु ज्या कारणाने ते लवकर वाळते, त्याच कारणाने ते धुण्यास पाणी मिळणे कठीण. चैत्र-वैशाखात विहिरीचा तळ दिसू लागला म्हणजे एका घागरीचे मोल काय, हे ती डोक्यावरून आणणाऱ्या बाईस विचारावे. अशा मुलुखात धुतलेले वस्त्र विनाकारण पुन्हा धुणे ही लहान गोष्ट नव्हे.

आणि विनाकारण पुन्हा धुण्याची चाल तर आपल्या देशात शतकानुशतके चालत आली. जुन्या वाड्यांतून सोवळ्याची वलणी माणसाच्या हातास लागणार नाही इतकी उंच असे. सकाळी स्नान करून वस्त्र धुवावयाचे, काठीने उचलून त्या वलणीवर टाकावयाचे, आणि दुसऱ्या दिवशी काठीनेच खाली काढून नेसावयाचे. मध्ये कोणाचा हात लागला तर ते ओवळे झाले. स्वयंपाकापूर्वी स्नान करावे, धुतलेले वस्त्र नेसावे, हा हेतू चांगलाच होता. त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. पण ह्या नियमाची परीक्षा करून पाहा. सुती वस्त्र आजच धुतलेले असले तरी स्पर्शाने बाटे. रेशमी मुकटा किंवा लोकरीची धाबळी मात्र रोज न धुताही सोवळी मानली जाई. मग प्रश्न मळाचा होता काय? मळाचा असता तर तो हातास लागलेला डाग पाहून ठरला असता, हात कोणाचा हे पाहून नव्हे. त्या वलणीची उंची वस्त्र स्वच्छ राहावे म्हणून नव्हती. माणूस दूर राहावा म्हणून होती.

जो हात वस्त्रास चालत नसे, तोच हात पाणवठ्यासही चालत नसे. ज्यास पाणी भरू द्यावयाचे नाही, त्यासच मळकट म्हणावयाचे, असा हा न्याय! १९२७ च्या मार्चात महाडच्या चवदार तळ्यावर अस्पृश्य मानलेल्या लोकांनी पाणी घेतले, तेव्हा त्या तळ्याची शुद्धी करण्यात आली. त्याच वर्षी डिसेंबरात डॉ. आंबेडकरांनी महाड येथे जमलेल्या स्त्रियांस सांगितले की, वस्त्र फाटके असले तरी चालेल, पण ते स्वच्छ असावे. हा उपदेश साधा दिसतो, परंतु त्यात शुद्धतेचा सगळा अर्थ पालटला आहे. शुद्धता जन्माने मिळत नाही. ती पाण्याने, उन्हाने व श्रमाने मिळते, आणि ती सर्वांस मोकळी आहे. पुढे २ मार्च १९३० रोजी सिन्नरापासून जवळच, नाशिकास, काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. २६ जानेवारी १९५० पासून अस्पृश्यता राज्यघटनेनेच नाहीशी केली.

कायद्याने उंच वलणी उतरविली. पण आपण दुसऱ्याच्या वाड्याकडे बोट दाखवून थांबावे काय? जात मागे टाकली असे म्हणणाऱ्या घरांतही, मोलाने काम करणाऱ्या बाईने धुऊन वाळविलेले कपडे आपण आनंदाने अंगात घालतो, आणि तिला चहा मात्र निराळ्या कपात देतो. तिचा हात सदऱ्यास चालतो, कपास चालत नाही. ही उंच वलणीच होय. फक्त ती डोळ्यांस दिसत नाही.

आणखी एक वलणी आहे, ती उंच नसून लपलेली आहे. पुष्कळ घरांत स्त्रियांचे मासिक पाळीचे कापड अंधाऱ्या कोपऱ्यात किंवा दुसऱ्या ओल्या कपड्याखाली वाळत घालतात. सूर्यप्रकाशाने जंतू मरतात हे डाउन्स व ब्लंट ह्या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८७७ सालीच दाखविले. ज्या वस्त्रास उन्हाची सर्वांत अधिक गरज, त्यासच आपण ऊन नाकारतो. ओलसर कापडाने खाज सुटते, रोग जडतो, आणि मुलगी लाजेने ते कोणास सांगत नाही. तिला आडोसा हवा असेल तर परसात जरूर करावा. पण तो लोकांच्या दृष्टीस अडविणारा असावा, सूर्यास अडविणारा नसावा. साबणाने धुवावे, उन्हात पुरते वाळवावे, व कोरड्या स्वच्छ जागी ठेवावे. ह्यात विटाळ कसला?

हल्ली सिन्नरच्या नव्या इमारतींतूनही छतास दांड्या टांगलेल्या दिसतात. कप्पीची दोरी ओढली की त्या खाली येतात. विलायतेतही थंड व दमट हवेमुळे स्वयंपाकघराच्या छतास अशाच दांड्या टांगण्याची चाल जुनी आहे. तेव्हा वलणी उंच असण्यात दोष नाही. जागेच्या सोईसाठी ती खुशाल उंच असावी.

दोष आहे तो हेतूत. म्हणून आज घरी गेल्यावर आपली वलणी एकदा पाहावी व मनास विचारावे: हिच्यावरील कोणते वस्त्र मी कोणाच्या स्पर्शास भिऊन उंच ठेविले आहे, आणि कोणते लाजेने उन्हापासून लपविले आहे? पहिले खाली घ्यावे, दुसरे उन्हात घालावे. माणसास दूर लोटून जी शुद्धता टिकते ती शुद्धता नव्हे. आणि अंगणातील ऊन तर कोणाची जात विचारीत नाही.