जखमेला पॉलिश

प्रश्न साधा आहे, आणि तो आपल्यातलेच लोक विचारतात म्हणून टाळता येत नाही. ज्या माणसाला विकलं, फोडून काढलं, झाडाला टांगलं, त्याचं शिल्प करायचं तर ते गुळगुळीत कशासाठी? काचकागदानं घासून, तेल-मेण लावून, हात फिरवावासा वाटेल इतकं देखणं कशासाठी? जखमेला पॉलिश केलं की ती जखम राहते, का दिवाणखान्यातली वस्तू होते?

कवितेच्या बाबतीत हा प्रश्न मी शंभरदा ऐकलाय. एका अंगाला पांढरपेशा समीक्षक. अनुभव दाहक आहे हो, पण कलात्मकता कमी पडते, असं तो चहाचा कप खाली ठेवत म्हणणार. दुसऱ्या अंगाला आपलेच दोस्त. कलात्मकता हीच मुळात त्यांची चाल आहे, रांगडं तेच खरं, असं ते टेबलावर मूठ आपटून सांगणार. ह्या दोघांच्या कचाट्यात सापडलो की मला आठवते ती बाई कवीही नाही आणि इथलीही नाही. एलिझाबेथ कॅटलेट, अमेरिकेतली काळी शिल्पकार. 1915 साली वॉशिंग्टनला जन्मली, 2012 साली मेक्सिकोत वारली. तिचे आजी-आजोबा गुलाम होते. लाकूड, दगड आणि ब्राँझ ह्या तिन्हींशी ती सत्तरएक वर्षं झोंबत राहिली.

1972 साली मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा नाव आपण त्यांच्याकडून घेतलं. आवेश घेतला, कविता थोड्याफार वाचल्या. शिल्प मात्र घेतलं नाही. साहजिक आहे. कविता टपालानं येते, दगड येत नाही. मीही तिची शिल्पं फोटोतच पाहिलीत. पण फोटोतसुद्धा कळतं की ह्या बाईनं छिन्नीची खूण बहुतेक ठिकाणी शिल्लक ठेवलेली नाही. लाकडाच्या रेषा गालावरून, खांद्यावरून पाण्यासारख्या वाहतात. खरबरीत, ओरबाडलेलं, रक्तबंबाळ असं काही तिथं नाही.

तिला आयुष्य सुखाचं मिळालं म्हणून असं झालं, असं कुणी म्हणायचं कारण नाही. पिट्सबर्गच्या कार्नेगी तंत्रसंस्थेत शिष्यवृत्तीसकट निवड झाली, आणि कातडीचा रंग बघून दार लावलं. आयोवा विद्यापीठात शिल्पकला शिकायला गेली तर वसतिगृहात काळ्यांना जागा नाही. वर्गात बसायचं आणि राहायचं गावात कुठंतरी. 1940 साली तिथून तिनं शिल्पकलेतली पदव्युत्तर पदवी घेतली. न्यू ऑर्लिन्सला कॉलेजात शिकवत होती तेव्हा पिकासोचं प्रदर्शन आलेलं. संग्रहालय ज्या बागेत, त्या बागेत काळ्यांना पाय टाकायची बंदी. मग बाईनं काय केलं, संग्रहालय बंद असतं त्या सोमवारी पोरांना बसमध्ये घातलं आणि बस थेट दाराशी लावली. पाय बागेत पडला नाही, चित्रं बघून झाली. पाणवठ्याचा इतिहास असलेल्यांना ह्यातला विनोदही कळेल आणि विनोदाखालचं दुसरंही कळेल.

(पुढं 2008 साली त्याच कार्नेगीनं तिला सन्माननीय डॉक्टरेट दिली. आयोवात 2017 साली एक नवं वसतिगृह उघडलं, त्याला नाव तिचं. ज्या वसतिगृहात राहता आलं नाही त्याच्या दारावर नाव! ह्यालाही पॉलिशच म्हणायचं, फक्त करणारे हात दुसरे.)

आता मूळ मुद्द्याकडं. ब्राँझ काय किंवा संगमरवर काय, हे काही निरागस पदार्थ नाहीत. राजे, सेनापती, देव, दानशूर सावकार ह्यांचं हे सामान. कॅटलेट ज्या वॉशिंग्टनमध्ये वाढली तिथं लिंकन पार्कात 1876 सालापासून एक ब्राँझचा पुतळा उभा आहे. लिंकन उभा, त्याचा हात पसरलेला, आणि त्याच्या पायाशी कमरेला फडकं गुंडाळलेला काळा माणूस गुडघ्यावर. बेड्या तुटल्यात, पण माणूस उठलेला नाही. ह्या पुतळ्याला पैसा कुणी दिला? गुलामीतून सुटलेल्यांनी. शार्लट स्कॉट नावाच्या बाईनं पहिले पाच डॉलर काढून दिले आणि तिथून वर्गणी सुरू झाली. पैसा काळ्यांचा; आखणी, कारभार, शिल्पकार सगळे गोरे. त्यांनी काळ्या माणसाला त्याच्याच पैशानं गुडघ्यावर बसवला. त्याची बोस्टनमधली प्रतिकृती 2020 साली काढून टाकली; वॉशिंग्टनमधला मूळ पुतळा तिथंच आहे.

ह्या पुतळ्यात द्वेष नाही, हे नीट बघा. त्यात कळवळा आहे. भरपूर कळवळा आहे. आणि माझं म्हणणं इथंच सुरू होतं. शोषकाला आपल्या वेदनेचं वावडं नसतं. उलट वेदनेवर पैसा खर्च करायला तो कधीही तयार. फाटलेलं, रडणारं, वाकलेलं शरीर त्याला आवडतं, कारण त्याच्यासमोर उभं राहिलं की तो आपोआप उंच होतो. आपली आत्मकथनं वाचून डोळे पुसणारे वाचक मी पाहिलेत. डोळे पुसून झाल्यावर ते विचारतात, आणखी काही आहे का? म्हणजे आणखी जखम आहे का? एखाद्यानं प्रेमावर नाहीतर पावसावर लिहिलं की यांचा चेहरा पडतो. मग रांगडं तेच खरं म्हणणारा आपला दोस्त आणि कळवळ्यानं भिजलेला हा वाचक, दोघंही एकाच मालाची मागणी करतायत, हे दोस्ताच्या ध्यानात कसं येत नाही?

कॅटलेटच्या शिल्पातली बाई कुणाकडं काही मागत नाही. 1968 सालचं तिचं एक देवदाराचं काम आहे, तरुण काळ्या बहिणींना मानवंदना म्हणून केलेलं. बाई उभी. एक मूठ वर, तोंड आभाळाकडं. चेहरा शांत. तिच्याकडं पाहून 'अरेरे' म्हणता येत नाही. म्हणून बघा, शब्द घशात अडकेल. त्या लाकडावर जी घासाई केलीय ती सजावटीची नाही. घासाई म्हणजे वेळ. महिनोन्महिने एका देहावर हात चालवत राहणं. ज्या देहाची किंमत लिलावात दात बघून ठरली, त्या देहाच्या खांद्याच्या एका वळणासाठी कुणीतरी आठवडा घालवला. पॉलिश म्हणजे तो आठवडा. मला तरी त्यात तडजोड दिसत नाही.

आपल्याकडं ह्या तिन्ही वस्तू जातींत वाटलेल्या आहेत. लाकूड सुताराचं, दगड पाथरवटाचं, धातूचा रस ओताऱ्याचा. देव घडवणारा हात वेगळा आणि देवाच्या गाभाऱ्यात जाणारा पाय वेगळा. ज्यानं मूर्तीची नाकपुडी कोरली त्याचं नाव मूर्तीखाली नाही. तेव्हा 'कारागिरी' ह्या शब्दाला आपण तरी नाक मुरडू नये. सफाई ही बामणांची मालमत्ता कधी झाली? सफाईनं काम करणारे हात कुणाचे होते? आपल्याच बापजाद्यांचं कसब त्यांच्या नावावर लावून आपणच त्यावर थुंकायचं, हा कुठला विद्रोह?

पण दुसरी बाजू सोपी नाही. शांत, देखणा चेहरा असला की समीक्षकाला एक शब्द आयता सापडतो. वैश्विक. कॅटलेटनं आयुष्यभर आई आणि मूल पुन्हा पुन्हा केलं. पदवीसाठीचं कामही तेच, चुनखडीच्या दगडात. 1940 साली शिकागोच्या प्रदर्शनात त्याला पहिलं बक्षीस मिळालं. वा, चिरंतन मातृत्व! झालं, विषय मिटला. पण 1662 साली व्हर्जिनियात कायदा झाला होता की मुलाची अवस्था आईच्या अवस्थेवरून ठरेल. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप मालक असला तरी. म्हणजे पोटातलं मूलही मालकाची मिळकत. ते विकायला काढताना आईला विचारायचं कारण नाही. अशा बाईच्या नातीनं दगडात आई कोरली आणि तिच्या हातात मूल घट्ट दिलं, तर तो दगड मातृत्वाबद्दल बोलत नाही. तो ताब्याबद्दल बोलतोय. हे पोर माझं आहे, एवढंच. हे ज्याला ठाऊक नाही त्याला ते शिल्प गोड वाटेल. वाटू दे. गोड वाटणं ही बघणाऱ्याच्या अज्ञानाची गोष्ट आहे, त्याचा जाब शिल्पाला का विचारायचा? अर्थात असं म्हणून मी सुटतो असं नाही. शिल्पाशेजारी पाटी कुणी लिहायची, हा सवाल उरतोच. आणि पाटी लिहिणारे बहुतेक तेच असतात.

एका कामात मात्र तिनं पाटीची गरजच ठेवली नाही. 1969 च्या डिसेंबरात शिकागोच्या पोलिसांनी पहाटे घरात घुसून ब्लॅक पँथरचे फ्रेड हॅम्प्टन आणि मार्क क्लार्क ह्यांना गोळ्या घातल्या. पुढच्या वर्षी, 1970 साली, कॅटलेटनं 'टार्गेट' केलं. काळ्या माणसाचं ब्राँझचं डोकं, आणि त्याच्यापुढं बंदुकीचा नेम धरायची ती गोल चौकट, मधे फुली. माणूस घाबरलेला नाही, किंचाळत नाही, रक्त नाही. नेहमीच्या अर्धपुतळ्यासारखा अर्धपुतळा. पण चेहरा समोरून बघायचा तर फुलीतूनच बघावा लागतो. म्हणजे बघणारा आपोआप बंदुकीमागं जातो. इथं कळवळ्याला जागाच शिल्लक नाही. कळवळा करणाऱ्याच्या हातात तिनं चाप दिलाय.

हे डोकं वेडंवाकडं, फोडलेलं, अर्धवट केलं असतं तर चाललं असतं का? मला वाटतं, नसतं. फोडलेलं डोकं म्हणजे काम आधीच झालेलं. इथं डोकं पुरतं शाबूत आहे, पुऱ्या सफाईनं केलेलं, आणि म्हणून गोळी अजून सुटायची आहे.

आता पैशाचं बोलू, कारण ते बोलल्याशिवाय ही चर्चा खोटी. ब्राँझ महाग. आधी माती, मग साचा, मग मेण, मेण वितळवून काढायचं आणि रिकाम्या जागेत तांब्या-कथलाचा रस ओतायचा. भट्टी, माणसं, धातू, सगळ्याला पैसा. गरिबाच्या भिंतीवर ब्राँझ येत नाही. हे कॅटलेटला कळत नव्हतं असं नाही. 1946 साली ती मेक्सिकोला गेली आणि तिथल्या लोकांच्या छापखान्यात, तायेर दे ग्राफिका पॉप्युलारमध्ये, सामील झाली. तिथं लिनोलियम कोरून चित्रं छापायचे. लिनोलियम म्हणजे जमिनीवर अंथरायचं, तेच. कोरायचं, शाई फासायची, कागद दाबायचा, पाहिजे तितक्या प्रती काढायच्या. आपली अनियतकालिकं ज्या अकलेनं स्टेन्सिल कापून निघाली तीच ही अक्कल. तिची 1952 सालची 'शेअरक्रॉपर', दुसऱ्याच्या रानात वाट्यानं राबणारी बाई, डोक्यावर रुंद टोपी आणि गळ्याशी बटणाच्या जागी सेफ्टी पिन, ही अशी कागदावर छापलेली. ती सेफ्टी पिन बघितल्यावर दुसरं काही सांगावं लागत नाही.

मग कागद असताना ब्राँझ कशाला? मला वाटतं, हे दोन वेगळे व्यवहार आहेत आणि तिनं एकासाठी दुसरा सोडला नाही. कागद आपल्या माणसांत फिरतो. ब्राँझ त्यांच्या चौकात उभं राहतं. ज्या न्यू ऑर्लिन्समध्ये तिच्या पोरांना बागेत पाय टाकता येत नव्हता, तिथं लुई आर्मस्ट्राँगचा ब्राँझचा पुतळा पुढं उभा राहिला तो तिच्याच हातचा.

1962 साली तिनं मेक्सिकोचं नागरिकत्व घेतलं. अमेरिकेनं तिला नकोशी परदेशी ठरवून दार बंद केलं. 1971 साली हार्लेममधल्या तिच्या प्रदर्शनासाठी व्हिसा मिळाला तेव्हा कुठं तिला जाता आलं. म्हणजे वेदनेला देखणं रूप दिलं की सत्ता तुम्हाला मांडीवर घेते, हा हिशेब तिच्या बाबतीत तरी जुळत नाही. निदान ताबडतोब जुळत नाही.

उशिरा मात्र जुळतो, ते कबूल करायला हवं. 1968 चंच तिचं दुसरं एक लाकूडकाम आहे, 'ब्लॅक युनिटी'. एका बाजूनं आवळलेली प्रचंड मूठ, मागून गेलं तर दोन शांत चेहरे. हे शिल्प आज आर्कान्सातल्या क्रिस्टल ब्रिजेस संग्रहालयात आहे. 2011 साली उघडलेलं हे संग्रहालय वॉलमार्टच्या वारसदार अ‍ॅलिस वॉल्टन ह्यांनी उभारलं. वॉलमार्ट म्हणजे कामगारांची युनियन होऊ नये म्हणून वर्षानुवर्षं झटलेलं दुकान. एकजुटीची मूठ, आणि एकजुटीची धास्ती घेणाऱ्यांच्या घरात! माझ्या दोस्तानं हे ऐकलं तेव्हा तो म्हणाला, बघ, गुळगुळीत होती म्हणून विकली गेली. मी म्हटलं, खरबरीत असती तर दुप्पट भावानं गेली असती, हल्ली खरबरीताला मागणी जास्त आहे. दोघंही हसलो, पण उत्तर दोघांकडंही नव्हतं. विकत घेणाऱ्याला सगळंच घेता येतं. ते थांबवणं शिल्पकाराच्या हातात नसतं, मग बोट मऊ फिरो की काटा टोचो.

तिचं उतारवयातलं एक काम न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड पार्कात आहे. 2003 साली बसवलेलं, कादंबरीकार राल्फ एलिसन ह्याचं स्मारक. तो राहायचा त्या इमारतीसमोरच. 1952 साली आलेल्या त्याच्या कादंबरीचा नायक काळा असल्यामुळं कुणाला दिसतच नाही. कॅटलेटनं पंधरा फूट उंच, दहा फूट रुंद अशी ब्राँझची भिंत उभी केली आणि तिच्यातून चालत्या माणसाचा आकार कापून काढला. माणूस नाहीच. नाक नाही, गाल नाही, घासायला पृष्ठभागच नाही. सगळं ब्राँझ त्याच्याभोवती, आणि माणसाच्या जागी आरपार हवा. अठ्ठ्याऐंशीची झाली होती बाई तेव्हा.