सटवीचा लेख

मूल जन्मले की पाचव्या-सहाव्या रात्री सटवी येते आणि त्याच्या कपाळी भविष्य लिहून जाते, अशी आपली जुनी समजूत. त्या लेखाचे एक बरे होते: तो कोणाला वाचता येत नसे. आता रक्ताच्या थेंबातला लेख वाचता येऊ लागला आहे, आणि माणसाची पंचाईत तिथूनच सुरू झाली आहे.

हृदयाचा स्नायू जाड होण्याचा एक विकार आहे. सुमारे ५०० माणसांत एकाला तो असतो. पुष्कळांना जन्मभर त्याचा पत्ता लागत नाही. पण एखादा धडधाकट गडी खेळता खेळताच कोसळतो. कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फो २००३ साली फ्रान्समध्ये मैदानावर कोसळला आणि थोड्याच वेळात गेला, वयाच्या २८ व्या वर्षी. शवचिकित्सेत त्याचे हृदय असेच जाड झालेले आढळले. हा दोष बहुधा घराण्यातून येतो. आईबापांपैकी एकाकडे असला, तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याचा संभव निम्मा.

मग सर्व खेळाडूंचे रक्त सक्तीने का तपासू नये? २००५ साली अमेरिकेतील शिकागो बुल्स या बास्केटबॉल संघाने एडी करी या खेळाडूच्या हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून ही चाचणी मागितली. दोष निघाला तर ५० वर्षे दरसाल ४ लाख डॉलर देऊ केले. त्याने नकार दिला आणि न्यूयॉर्कच्या संघात जाऊन तो खेळत राहिला. कोणी याला हट्ट म्हणेल. मला मात्र त्याच्या नकारातला प्रश्न खरा वाटतो: माझ्या रक्तातला मजकूर वाचण्याचा अधिकार मालकाला कोणी दिला?

शिवाय हा मजकूर म्हणजे निकाल नव्हे. दोष सापडला तरी दुखणे होईलच असे नाही. न सापडला तरी हृदय निर्दोष ठरत नाही.

आमच्या वरसे-रोह्याकडे पोरे कबड्डी खेळतात. चढाई चांगली असेल तर एखाद्याला पोलिसांत, रेल्वेत नोकरी लागते. त्याला कोणी डॉलर देऊ करत नाही. चाचणीचा कागद त्याचा जीव वाचवू शकतो, तसाच घरची चूलही विझवू शकतो. तो कागद जो मागेल, त्याने आधी त्या चुलीची जबाबदारी घ्यावी. ती न घेता ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणणे हा सोवळ्यातला स्वार्थ होय.

पण डोळे मिटून बसणे हा काही स्वाभिमान नव्हे. तेच रक्त भावंडांतही वाहते. घरात कोणी ऐन तारुण्यात अवचित गेले असेल, धावताना पोराला भोवळ येत असेल, तर डॉक्टरांना सांगून हृदय तपासून घ्यावे. अशा मृत्यूला आपण ‘नजर लागली’ म्हणतो आणि विषय झाकतो. भाऊबीजेला भावंडे जमतात, तेव्हा तो विषय एकदा उघडावा. त्याला पैसा लागत नाही.

लेख वाचायचा की नाही, आणि वाचून खेळायचे की थांबायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे. ठरवताना तो एकटा पडू नये, एवढे मात्र आपल्या हाती आहे.