तिचा नकार



प्रेम केले म्हणजे त्या व्यक्तीवर आपला हक्क निर्माण होतो काय? आपण चटकन ‘नाही’ म्हणू. पण १९९० साली उल्हासनगरला दहावीची परीक्षा चालू असताना एका तरुणाने वर्गात शिरून एका मुलीला पेट्रोल ओतून जाळले. तिने त्याला नकार दिला होता, एवढाच तिचा अपराध. तीस वर्षांनी, फेब्रुवारी २०२० मध्ये, हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेच्या वाट्याला भर रस्त्यात तेच आले.

अशा बातमीनंतर घरोघरी काय होते, ते आपण जाणतो. मुलीचा संध्याकाळचा क्लास बंद होतो, मोबाईल काढून घेतला जातो, दहावी होताच स्थळे पाहणे सुरू होते. आईवडिलांची भीती खोटी नाही. पण त्रास मुलाने द्यायचा आणि शिक्षण मुलीचे सुटायचे, हे पाहून घरातला तिचा भाऊ काय शिकतो? त्याला तर कोणी समोर बसवून काही सांगितलेलेच नसते.

‘हायस्कूलच्या पोरांना हे कशाला? नको ते डोक्यात भरेल,’ असे काही पालक म्हणतात. भरायचे ते सिनेमाने केव्हाच भरले आहे. नायिका नाही म्हणते, नायक पाठ सोडत नाही, शेवटी तीच हरते आणि आपण टाळ्या वाजवतो. मुंबईच्या काही महापालिका शाळांत २००८ पासून सहावी-सातवीच्या मुलामुलींना घरकाम कोणाचे, मारहाण का होते, यावर वर्गात बोलते केले गेले. तेव्हा हायस्कूल म्हणजे फार लवकर, असे आम्हांला वाटत नाही.

समानता म्हणजे मुलीला बसमध्ये जागा देणे नव्हे. त्याच्या ‘हवी’ला जेवढे वजन, तेवढेच तिच्या ‘नको’ला देणे म्हणजे समानता. जिला नाही म्हणण्याची मोकळीक नाही, तिच्या होकाराला तरी काय अर्थ? परमेश्वरानेही नाझरेथच्या मरियेवर आपली इच्छा लादली नाही; देवदूत तिच्या उत्तरासाठी थांबला. बाराव्या शतकात संत बर्नार्ड यांनी त्या क्षणावर प्रवचन करताना सारे जग तिच्या होकाराची वाट पाहत असल्याचे चित्र उभे केले.

आपल्या सोलापूरलाही नकार परका नाही. दर जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेत सम्मती कट्ट्यावर अक्षता पडतात. कुंभारकन्येने सिद्धेश्वरांशी विवाहाची इच्छा धरली, त्यांनी नकार दिला आणि तिने त्यांच्या योगदंडाशी विवाह केला, ही आख्यायिका येथे लहान पोरही सांगेल. नकार देणारा पुरुष होता, तो साऱ्या गावाने मानला. मुलगी नाही म्हणाली की मात्र ‘भाव खाते’!

नववी-दहावीच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही हा विषय घेणार आहोत. मुलगे आणि मुली एकत्र बसतील. मुलग्यांच्या वडिलांनी अवश्य यावे. आयांना वेगळे बोलवावे लागत नाही, त्या येतातच.