उभ्या उभ्या

अमेरिकेच्या दक्षिणेत, शहरं मागे पडली की, चांगलं जेवण कुठे मिळेल असं कुणाला विचारू नये. पेट्रोल कुठे भरता, एवढंच विचारावं. दोन्ही प्रश्नांचं उत्तर बहुधा एकच असतं.

मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जियाचा आतला भाग, लुइझियानाचा खालचा पट्टा. हमरस्ता सोडला की पाइनची झाडं, कापूस, सोयाबीन, एक चर्च, थोड्या अंतरावर दुसरं चर्च आणि मग गॅस स्टेशन. दोन पंप, बर्फाची पेटी, गळाला लावायचे जिवंत किडे मिळतील अशी हातानं लिहिलेली पाटी. दार ढकललं की पेट्रोलचा वास संपतो आणि तळणीचा सुरू होतो. बाहेरून आलेल्याला ही सरहद्द खटकते. तिथल्याला ती असल्याचंच ठाऊक नसतं.

काचेच्या गरम कपाटाकडे नीट बघावं. पिवळ्या दिव्याखाली ट्रेमध्ये तंगड्या, मांड्या, पंख. शेजारी कलेजी-पेटा. सालासकट कापलेल्या बटाट्याच्या जाड फोडी, पीठ लावून तळलेल्या. मक्याच्या पिठात घोळवलेली भेंडी. काउंटरवर बरणीत व्हिनेगरमधली गुलाबी अंडी. ती कुणी विकत घेताना मी पाहिलेलं नाही, पण बरणी मात्र कधी भरलेली असते, कधी अर्धी. काउंटरमागची बाई चिमटा उचलते. "काय देऊ, बेबी?" मी साठीला टेकलेला, ती फार तर तिशीची. तिच्या लेखी काउंटरच्या अलीकडचे सगळेच बेबी. मी कपाटातल्या तंगडीकडे बोट दाखवतो. ती मान हलवते, मागे जाते आणि जाळीत निथळत असलेल्या नव्या घाण्यातली दोन उचलून आणते. पैसे तेवढेच.

हा व्यवहार हॉटेलात होत नाही. हॉटेलात आधीचं आधी खपवतात.

रोजच्या गिऱ्हाईकाला एकदाच फसवता येतं. प्रवाशाला मात्र रोज फसवता येतं, कारण तो रोज वेगळा असतो. हमरस्त्यावरच्या जेवणाचा सगळा धंदा या हिशेबावर चालतो. आडरस्त्यावरच्या पंपावर लाकडाच्या ट्रकचा ड्रायव्हर, रात्रपाळी संपवून निघालेली नर्स, शिकारीचे कपडे घातलेली पोरं, शेरीफचा माणूस असे रोजचे तेच असतात. कोंबडी काल सुकी लागली तर आज ते तोंडावर सांगतात. आपण या ओळखीच्या रांगेत अनोळखी म्हणून शिरतो आणि ओळखीच्यांसाठी केलेलं खाऊन बाहेर पडतो. पंपावरच्या खाण्याची ओढ मला तरी इथेच सापडते. ते आपल्यासाठी केलेलंच नसतं.

म्हणून पंप निवडताना पाट्या वाचू नयेत. बाहेर चिखलानं भरलेले पिकअप किती, ते मोजावं.

पहाटे पाचला बिस्किटं असतात. आपल्या चहातली नव्हेत; तिकडचं बिस्किट म्हणजे मऊ, पदरांचा, बिनगोडाचा पाव. मध्ये सॉसेजची वडी, बाहेर कागद. दहा वाजले की बिस्किटं संपतात आणि कोंबडीचे घाणे निघू लागतात. दुपारी तीननंतर कपाटात जे पडून असतं त्याबद्दल चांगलं काही लिहिता येणार नाही.

पंपाच्या मालकाला पेट्रोलवर फारसं काही सुटत नाही. गॅलनमागे काही सेंट, आणि त्यातही कार्डवाल्यांचा वाटा. पैसा दाराच्या आत असतो. म्हणजे बाहेरचे किडे माशांसाठी आणि पेट्रोल माणसांसाठी.

या खाण्याला नाक मुरडणाऱ्यानं केंटकीतल्या कॉर्बिन गावाची हकिगत ऐकावी. १९३० साली हार्लंड सँडर्स नावाचा माणूस तिथे शेलचा पंप चालवायला आला. थांबणारे ड्रायव्हर खायला काही मिळेल का विचारत. यानं त्यांना आपल्या घरच्या टेबलाशी बसवून वाढायला सुरुवात केली. तव्यातली कोंबडी शिजायला अर्धा तास. थांबलेल्याला तेवढा वेळ नसतो. १९३९ मध्ये त्यानं नवा निघालेला प्रेशर कुकर घेतला आणि त्यात तेल घालून कोंबडी तळायचा उद्योग केला. काम आठ-दहा मिनिटांवर आलं. पुढे नवा इंटरस्टेट गावाला वळसा घालून जाणार असं ठरलं, गिऱ्हाईक आटणार हे दिसलं, आणि १९५६ मध्ये त्यानं जागा विकली. साठी उलटलेला हा गृहस्थ मसाला आणि कुकर गाडीत टाकून गावोगावी आपली कृती विकत फिरला. रस्ता हलला म्हणून कोंबडी जगभर गेली. सगळं गेलं तिच्याबरोबर, फक्त रोजचं गिऱ्हाईक मागे राहिलं.

ते अजून पंपावरच उभं आहे.

पण भाबडेपणा नको. पंपावरची प्रत्येक कोंबडी कुणाच्या आजीची नसते. पीठ आणि मसाला गोणीतून येतो, बऱ्याच ठिकाणी तीच गोणी. नॅशव्हिलची हंट ब्रदर्स हजारो पंपांना पिझ्झ्याचं सामान पुरवते. नाव वापरायचे पैसे घेत नाही, सामानाचे घेते. फरक पडतो तो तेल कधी बदललं आणि चिमटा कुणाच्या हातात आहे, यानं. गोणी सारखी असली तरी हात सारखे नसतात.

लुइझियानात मात्र गोणीचं काही चालत नाही. तिथे बूदँ. डुकराचं मांस, काळीज, भात, कांद्याची पात आणि तिखट एकत्र करून आतड्यात भरतात आणि वाफवतात. आजूबाजूला भातशेती आहे, म्हणून भात. लाफायेतजवळच्या स्कॉट या छोट्या गावाला २०१२ साली राज्याच्या विधिमंडळानं बूदँची जागतिक राजधानी ठरवलं. त्याच रस्त्यावर पुढे लागणारं जेनिंग्ज स्वतःला विश्वाची राजधानी म्हणवतं. बूदँ खायची रीत अशी: गाडीच्या बॉनेटवर कागद पसरायचा, एक टोक दातात धरायचं आणि आतलं तोंडात पिळून घ्यायचं. साल टाकून द्यायची. काटा-चमचा मागणारा माणूस लांबचा आहे हे लगेच कळतं.

मिसिसिपीतल्या ऑक्सफर्डला विद्यापीठातली पोरं मध्यरात्री एका पंपावर गर्दी करतात. काडीला टोचून तळलेले कोंबडीचे तुकडे. ज्या वयात काहीही चांगलं लागतं त्या वयात खाल्लेलं पुढे आयुष्यभर चांगलं लागतं. त्यावर माझं मत विचारू नका.

उकडलेल्या शेंगांवर मात्र विचारा. जॉर्जिया आणि कॅरोलिनांमध्ये पंपाच्या दाराशी मोठ्या भांड्यात ओल्या शेंगा तासन् तास मिठाच्या पाण्यात रटरटत असतात. झारा घ्यायचा, थर्मोकोलचा पेला भरायचा. मराठी माणूस इथे पहिल्यांदा खरा हसतो. आपल्या शेंगांना कूकरच्या चार शिट्ट्या पुरतात. या इतक्या शिजलेल्या की दाणा वालासारखा मऊ होतो, आणि फोडताना खारं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत जातं. साउथ कॅरोलिनानं २००६ मध्ये कायदा करून यांना राज्याचा अधिकृत खाऊ केलं. शेंग मूळची दक्षिण अमेरिकेची. उत्तरेत ती आफ्रिकेवरून, गुलामांच्या जहाजांबरोबर पोचली. भेंडीही त्याच वाटेनं आली. कपाटातलं निम्मं खाणं ज्यांनी आणलं, रांधलं, त्यांना त्याच प्रदेशात कितीतरी काळ दुकानात बसून खाता येत नव्हतं.

बसणं हीच तिथली लढाई होती. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोत चार काळे विद्यार्थी एका दुकानाच्या जेवणाच्या काउंटरवर जाऊन बसले. त्यांनी कॉफी मागितली. मिळाली नाही. ते उठले नाहीत. महिने असे गेले.

पंप त्या काळात निर्दोष होते असं नाही. काळ्या प्रवाशांनी कुठे थांबावं हे सांगणारं 'ग्रीन बुक' १९३६ पासून निघत होतं आणि एस्सोच्या अनेक पंपांवर ते मिळायचंही. पण थोडं पुढे गेलं की दुसरा पंप, दुसरा मालक. अलाबामातल्या टस्किगीत, जिथे शेतीतज्ज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरनं कापसानं दमलेल्या जमिनीत शेंगा लावायला शिकवलं त्याच गावात, ३ जानेवारी १९६६ च्या रात्री सॅमी यंग या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं पंपावरचा संडास वापरायचा म्हटलं. तो नौदलात नोकरी करून आलेला होता. भेदभाव बेकायदा ठरवणारा कायदा होऊन दीड वर्ष झालं होतं. पंपावरच्या गोऱ्या माणसानं त्याला गोळी घातली. सगळ्या गोऱ्या ज्यूरीनं त्या माणसाला सोडून दिलं. कायदा दारापर्यंत येतो. आत यायला त्याला वेळ लागतो. मराठी वाचकाला हे फोड करून सांगायला नको. महाडचं तळं १९२७ चं.

आज त्याच प्रदेशातल्या बहुतेक पंपांवर कुणीच बसत नाही. खुर्च्या नाहीत, म्हणून कुणाची खुर्ची नाही. गोरा शेतकरी आणि काळा मेकॅनिक एकामागोमाग रांगेत उभे राहतात, त्याच चिमट्यातून कोंबडी घेतात, आणि आपापल्या गाडीशी जाऊन उभ्या उभ्या खातात. ही समता मोठी नव्हे. रविवारी दोघांची चर्च वेगळी. पण बारा वाजता रांग एकच असते. मी तिला कमी लेखणार नाही आणि तिच्यावर कविताही करणार नाही.

कौतुक करताना आणखी एक हिशेब द्यायला हवा. मी पंपावर हौसेनं थांबतो. गावातली माणसं थांबतात कारण दुसरं काही उरलेलं नाही. वाण्याचं दुकान बंद पडलं. ताज्या भाजीसाठी वीस-पंचवीस मैल. मधुमेहाच्या आकड्यांत ही राज्यं वरच्या रांगेत आहेत आणि त्यात या कपाटाचा वाटा नाही असं कुणी म्हणणार नाही. पाहुण्याची मेजवानी आणि घरच्याची सक्ती एकाच ट्रेमध्ये असते. मासिकांतून पंपांवरच्या खाण्याचे फोटो येतात तेव्हा त्यात तेल चमकतं, औषधाची गोळी दिसत नाही.

अलाबामातल्या एका पंपाचा मालक गुजराती निघाला. दक्षिणेत असे खूप आहेत. सिगारेटच्या खोक्यांच्या वर स्वामीनारायणाची तसबीर, तिच्याखाली कोंबडी, सॉसेज, डुकराचे पाय. मी हिंदीत विचारलं, "काका, तुम्ही खाता यातलं?"

"छे. अंडंसुद्धा नाही."

"मग चव कशी कळते?"

"तेल वासावरून कळतं. बाकी तिला विचारतो." त्यांनी तळणीकडे बोट दाखवलं. चिमटा हातात घेतलेली बाई तिथे चौदा वर्षं होती. मालक दोनदा बदलला, ती नाही. पंप विकत घेताना काकांनी टाक्या, गल्ला, तळणी सगळं तपासलं आणि मग ती राहणार का एवढंच विचारलं. धंदा कळतो तो असा.

काका पुढचा विचार करत होते. विजेच्या गाड्या येणार. अजून त्या भागात तुरळक आहेत, पण येणार. टाकी पाच मिनिटांत भरते. चार्जिंगला वेगवान यंत्र असलं तरी वीस मिनिटं, अर्धा तास. तेवढा वेळ माणूस उभा राहत नाही. "चार टेबलं टाकावी म्हणतो. खिडकीशी."

बाईनं नवा घाणा जाळीत उपसला, तेल झटकलं आणि मागे न बघता विचारलं, टेबलं पुसणार कोण?