आराखड्याच्या हद्दीबाहेर

मोडक सागर धरणाला ज्यांचं नाव आहे ते एन. व्ही. मोडक मुंबई पालिकेचे अभियंता होते. अल्बर्ट मेयर या अमेरिकी नियोजनकारासोबत त्यांनी १९४८ मध्ये बृहन्मुंबईच्या महायोजनेची रूपरेषा मांडली. पुढे वैतरणेवर धरण झालं आणि शहराच्या वाढीचा विचार करणाऱ्या माणसाचं नाव शहापूर तालुक्यातल्या पाण्याला मिळालं. शहराची वाढ आणि शहापूरचं पाणी यांचं नातं इतकं उघड आहे. तरी नंतरच्या आराखड्यांत शहापूर उरलं ते फक्त ‘पाण्याचा स्रोत’ म्हणून.

१९६६ च्या नगररचना कायद्यानुसार शहराचा विकास आराखडा वीस वर्षांतून एकदा तरी सुधारावा लागतो. मुंबईचा सध्याचा आराखडा २०१८ मध्ये लागू झाला, मुदत २०३४ पर्यंत. त्यात दहा लाख परवडणारी घरं आणि ऐंशी लाख रोजगारांचं उद्दिष्ट आहे, चटईक्षेत्रही वाढवून दिलेलं आहे. त्याआधी २०१५ चा मसुदा चुकांमुळे नव्यानं करावा लागला, कारण लोक जागे राहिले. मैदानं, कोळीवाडे, आरे, मिठागरं यांसाठी हजारो हरकती गेल्या. हे शहराचं मोठेपणच आहे. पण वाढलेल्या प्रत्येक मजल्यावर चढणारं पाणी कुठून आणि कुणाच्या शिवारातून येतं, हा प्रश्न त्या गर्दीत क्षीण राहिला. शहापूरच्याच तानसा धरणाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातं आहे. तिथल्याच एकट्या भातसा धरणातून शहराची जवळपास निम्मी तहान भागते.

एप्रिल-मे महिन्यात याच तालुक्यात कसाऱ्याच्या बाजूच्या एखाद्या पाड्यावर जाऊन पाहावं. टँकर येतो आणि पाइप थेट विहिरीत सोडतो. तळाचा गाळ ढवळून निघतो, पाणी चहासारखं होतं. बायका चारी बाजूंनी दोर सोडतात, कळशी खडकावर आपटत वर येते, मग पदराची घडी हंड्याच्या तोंडावर धरून ते पाणी गाळायचं. तुंबण्याआधी, सांडण्याआधी, दुसरीचा दोर अडकण्याआधी भरायचं. शाळेतली पोर दुसरा हंडा घेऊन मागे उभी असते. ज्या तालुक्यात तानसा, भातसा आणि मोडक सागर आहेत त्याच तालुक्यात हे दरवर्षी घडतं. सरकारी मोजमापात शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर धरतात. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला ५५. पाड्यावरच्या बाईला तेवढेही मिळत नाहीत.

मुंबईनं तहानलेलं राहावं असं मला मुळीच म्हणायचं नाही. मानखुर्दच्या झोपडीतली बाईही पहाटे उठून रांगच लावते, आणि पिण्याचं पाणी अडवणं हा धर्म नव्हे. प्रश्न आहे तो विचारण्याचा. ज्याच्या दारातून नेतो त्याला निदान विचारावं, त्याच्यापुढे हिशेब ठेवावा, एवढी साधी रीत आपण घरात पाळतो. शेजारच्या मुरबाड तालुक्यात काळू नदीवरचं धरण महानगराच्या तहानेसाठी आखलं गेलं आणि वनखात्याची परवानगी नसताना काम सुरू झालं. आदिवासी गावांचा लढा कोर्टात गेला. २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ते काम थांबवलं. त्या गावांना आधी विचारलं असतं तर त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली नसती. काळूचं नाव कागदावर अजूनही जिवंत आहे.

शहराच्या आराखड्यावर हरकत घेणारा त्या शहराचाच रहिवासी असावा, अशी अट कायद्यात नाही. पण सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते, सुनावणी शहरात होते. खर्डीचं कातकरी कुटुंब एका दिवसाची मजुरी बुडवून तिथे पोचणार कसं? पुढच्या आराखड्याची तयारी सुरू होईल तेव्हा एक सुनावणी शहापूरला आणि एक मुरबाडला लावावी, तीही मे महिन्यात. पाण्याचं प्रकरण आराखड्याच्या परिशिष्टात न टाकता सुरुवातीला घ्यावं. गळती आणि चोरीत रोज शेकडो दशलक्ष लिटर पाणी जातं. ते किती वाचवणार, सांडपाणी शुद्ध करून किती फिरवून वापरणार, हे सांगितल्याशिवाय नव्या धरणाचं नावही काढू नये. आणि पाइपलाइनलगतच्या पाड्यांना त्याच पाण्यातून नळ द्यावा.

हे सगळं लवकर बोलायला हवं, कारण शहापूर-मुरबाडचीच आता शहरं होताहेत. समृद्धी महामार्ग शहापुरातून जातो, आसनगावला इमारती उठताहेत, डोंगराच्या उतारावर प्लॉटच्या पाट्या लागल्या आहेत. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, तिथे १९९६ च्या पेसा कायद्यानं ग्रामसभेला अधिकार दिले. मात्र गावाची नगरपंचायत झाली की ग्रामसभा संपते, आणि तिच्याबरोबर ते अधिकारही. मग या नव्या शहरांचे आराखडे होतील तेव्हा कडेचा पाडा कुणाच्या तोंडानं बोलणार? नगरपंचायतींनी मसुदा छापण्याआधी वाड्या-पाड्यांवर जाऊन तो मराठीत वाचून दाखवावा, लोकांचं म्हणणं लिहून घ्यावं आणि ते आराखड्याला जोडावं. यासाठी मुंबईच्या परवानगीची गरज नाही, २०३४ ची वाट पाहण्याचीही नाही.